टीटीजी ते घरघंटी

डिसेंबर २०२२ मध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं हिमोग्लोबिन ७.९ आलं. त्यामागे सीलिएक नावाचा, गव्हाने होणारा आतड्याचा आजार आहे हे कळायला पुढे नऊ महिने गेले. त्याआधी बरेच महिने जिना चढताना दम लागत होता, तोंड सारखं येत होतं आणि संध्याकाळपर्यंत पोट इतकं फुगायचं की सलवारीची नाडी सैल करावी लागायची. पण बाईचं हिमोग्लोबिन कमी असणं ही आपल्याकडे बातमीच नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, "पाळीत जास्त जातं का?" एवढं विचारलं, आणि घरच्यांनी बीट, खजूर, गूळ-शेंगदाण्याचा मारा सुरू केला.

मार्च २०२३ मध्ये ८.१. गोळ्या बदलल्या. जुलैमध्ये परत ७.८. मधल्या काळात सोनोग्राफी झाली, थायरॉइड झालं, जंतांच्या गोळ्या झाल्या. "गोळ्या नियमित घेता ना?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी रिकाम्या स्ट्रिपा पर्समध्ये ठेवायला लागले. पुरावा म्हणून.

ऑगस्टमध्ये एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या फिजिशियन मॅडमकडे गेले. त्यांनी आधी फेरिटिन करायला लावलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ते ५ आलं. मॅडम म्हणाल्या, "एवढे महिने गोळ्या घेताय, तर लोह जातंय कुठे? रक्त कुठून वाहत नसेल तर ते आतड्यातून शोषलंच जात नाहीये." चिठ्ठीवर त्यांनी सीलिएकसाठी रक्ताच्या दोन टेस्ट लिहिल्या: टीटीजी-आयजीए, म्हणजे या आजारात वाढणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडं, आणि टोटल आयजीए, म्हणजे त्या प्रकारची एकूण प्रतिपिंडं. लॅबच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ही दुसरी नाही केली तरी चालते." चालत नाही. काही लोकांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं. अशा माणसाला आजार असला तरी पहिली टेस्ट नॉर्मल येऊ शकते. दोन्ही मिळून मला २,००० रुपये पडले. उपाशीपोटी जावं लागत नाही.

१५ सप्टेंबरला, गणपती चार दिवसांवर असताना, रिपोर्ट फोनवर आला. टीटीजी १०० च्या वर, त्या लॅबची मर्यादा १०. मॅडमना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य मी किराण्याच्या यादीच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं: "गहू सोडायचा नाही. अजून नाही."

आधी आजाराबद्दल थोडं. गहू, बार्ली म्हणजे जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिएक असलेल्या माणसाचं शरीर त्या ग्लुटेनवर चिडून स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या अस्तरावर बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नरस तिथून शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं कितीही खा, आत शिरत नाहीत. सगळ्यांना जुलाब होतातच असं नाही. मला झाले नाहीत, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. ही अ‍ॅलर्जी नाही, आणि हा आजार पथ्य पाळून काही वर्षांनी बरा होईल असाही नाही. औषध एकच, ग्लुटेन बंद, तेही जन्मभर.

आपल्याकडच्या डॉक्टरांना हा आजार चटकन का सुचत नाही, त्यालाही कारण आहे. दिल्लीच्या एम्सच्या पाहणीत राजधानीच्या परिसरात साधारण शंभरात एकाला तो सापडला. दक्षिणेत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. गव्हाचा आजार, गहू खाणाऱ्या मुलखात जास्त. मी सोलापूरची. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी, चपाती पाहुणे आले की. लग्न होऊन पुण्यात आले आणि दोन्ही वेळा चपाती सुरू झाली. त्रास आधीपासून होता की इथे आल्यावर वाढला, हे आता कळायला मार्ग नाही.

पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट ४ ऑक्टोबरची मिळाली, फी १,००० रुपये. घशातून दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे तपासायला काढतात, त्या एंडोस्कोपीची तारीख ३१ ऑक्टोबर. म्हणजे रिपोर्ट आल्यापासून दीड महिना मला रोज चपाती खायची होती. गहू बंद केला की आतडं भरून यायला लागतं, रक्तातलं टीटीजी उतरतं, आणि मग त्या तुकड्यांच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, धड काही दिसत नाही. ज्यांनी आधीच गहू सोडलाय त्यांना टेस्टसाठी काही आठवडे तो पुन्हा खायला लावतात, म्हणजे गेलेला त्रास बोलावून आणायचा. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "विष आहे म्हणतात आणि वर खा म्हणतात?" त्या माझ्या ताटातली चपाती उचलायच्या आणि भात वाढायच्या. मी परत चपाती घ्यायचे. खरं सांगायचं तर सगळ्यात वाईट काळ तोच होता. आपल्याला काय झालंय ते माहीत आहे, कशाने झालंय तेही माहीत आहे, आणि तरी घास घ्यायचाय.

याच काळात मी रात्री जागून वाचत बसायचे. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा आणि या आजाराचा संबंध दाखवला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी होते, आणि त्याच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारली. १९५० मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी या मुलांना नुसती केळी खायला घालण्याची पद्धत होती म्हणे. हे वाचून मला माझ्या लोहाच्या गोळ्यांचं काही वाटेनासं झालं.

मधेच एका लॅबमधून फोन आला, जनुकांची टेस्ट करून घ्या, ६,००० ची आहे, सवलतीत. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं नसली तर सीलिएक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. पण असली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती कितीतरी निरोगी लोकांतही असतात. ज्यांचे बाकीचे रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत त्यांच्यासाठी ती कामाची.

३१ ऑक्टोबर, मंगळवार. आदल्या रात्री दहानंतर पोटात काही नाही. सोबत कोणीतरी हवंच, गुंगीचं इंजेक्शन घेतलं की दिवसभर गाडी चालवायची नाही. संमतीपत्रावर सही करताना नवऱ्याचाच हात थरथरत होता. घशात फवारा मारतात, तो कडूजहर लागतो आणि दोन मिनिटांत घसा आपला नाहीसा होतो. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लॅस्टिकची कडी दिली. पुढचं फारसं आठवत नाही. जागी झाले तेव्हा घसा खवखवत होता, बाकी काही नाही. भीती वाटण्यासारखं त्यात काही नाही, पण घाबरू नका असं मीही कोणाला सांगणार नाही, कारण मला सांगून उपयोग झाला नव्हता.

डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की तुकडे किती आणि कुठून घेणार. झीज सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून एक-दोन आणि त्याच्या पुढून किमान चार घ्यावेत असा संकेत आहे. माझे सहा घेतले. आणि मग, ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती, फॉर्मॅलिनच्या दोन छोट्या बाटल्या आणि एक फॉर्म नवऱ्याच्या हातात देऊन "हे पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेऊन द्या" असं सांगितलं. बाटलीच्या तळाशी साबुदाण्याच्या कण्यांएवढे पांढुरके तुकडे. त्याने त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि रिक्षात सगळा वेळ खिशावर हात धरून बसला. बाटल्यांवर नाव, वय आणि तुकडा कुठला ते लिहिलंय ना हे तिथेच बघून घ्या. आमच्या एका बाटलीवर नव्हतं, परत जाऊन लिहून आणावं लागलं.

एंडोस्कोपीचे ७,५००, बायोप्सीचे १,८००. मेडिक्लेम आहे म्हणून सगळी बिलं जोडून क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी नाकारल्याचं पत्र आलं. केवळ तपासणीसाठी झालेला खर्च पॉलिसीत बसत नाही, हा सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला वगळणुकीचा नियम आहे, पॉलिसीच्या कागदावर 'एक्सक्लूजन ०४' असा शोधा. म्हणजे खिशातून जाणार हे धरूनच चला. आजार मात्र नूतनीकरणाच्या वेळी कंपनीला कळवून ठेवला, उद्या कशावरून वाद नको.

७ नोव्हेंबरला रिपोर्ट: मार्श ३बी. मार्श ही झीज मोजायची पट्टी, ३सी म्हणजे पूर्ण सपाट. त्या संध्याकाळपासून गहू बंद. लक्ष्मीपूजन १२ तारखेला होतं आणि घरात शंकरपाळ्यांचं पीठ भिजलेलं होतं.

मला वाटलं होतं, ज्वारी-बाजरी-तांदळाच्या मुलखात राहून काय अवघड आहे? चपातीच्या जागी भाकरी. झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "भाकरीचं पीठ कुठून दळून आणता?"

आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका फार भले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, उपवासाचं दळण मी सकाळी पहिलं घेतो, जातं पुसून. त्यातच तुमची ज्वारी टाकतो." त्यांचं म्हणणं मनापासून होतं. पण मी तिथे उभी राहून बघितलं. तराजूवर पीठ, डब्यांच्या झाकणांवर पीठ, पंख्याच्या पात्यांवर पिठाचा थर, काकांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. जात्याच्या आत खाचांमध्ये कालचा गहू अडकलेला असतोच. ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे नखावर मावेल एवढंही नाही. गिरणीच्या हवेत त्याहून जास्त तरंगत असतं.

मग घरघंटी घेतली, १७,५०० रुपये. या आजारातला माझा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि एकदाच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हरभराडाळ सगळं घरी दळते, कारण बाजारच्या बेसनाचाही भरवसा नाही. घ्यायची तर नवीच घ्या, वापरलेली स्वस्तात मिळाली तरी नको. तिच्यात गहू दळलेला असणारच. धान्य आधी निवडायचं, ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात पाच किलो गहू घेऊन आल्या, "एवढं दळून घेऊ का गं, गिरणी बंद आहे." नाही म्हणताना जीव गेला. आता घरघंटीवर खडूने लिहून ठेवलंय: गहू नाही.

पुढचे काही महिने गहू कुठे कुठे लपलेला असतो हे शोधण्यात गेले. हिंग! डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाचं असलेला निवडून घ्यायचा, डबीवर छापलेलं असतं. म्हणजे मग हॉटेलचं सांबार, विकतचा गोडा मसाला, लोणचं, पापड सगळंच संशयित. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. कुरडया दिसतात तांदळाच्या पापड्यांसारख्या, पण त्या गव्हाच्या चिकाच्या. सोया सॉसमध्ये गहू. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट, म्हणजे बार्ली. आणि खपली गहू चालतो असं सांगणारा एक तरी भेटेलच, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर. खपलीतही ग्लुटेन असतं. साखरेच्या लोकांना तो कसा, ते त्यांचे डॉक्टर बघतील; आपल्याला तो वर्ज्य.

पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेली बिस्किटं आणि ब्रेड महाग असतात आणि चवीला, असो. मी ती प्रवासापुरती ठेवते. घरात पोळपाट, लाटणं, परात, चाळण, तवा माझं वेगळं. शेवटी असं ठरलं की घरात गव्हाची कणीक मळायचीच नाही. नवरा आणि मुलगा चपात्या पोळी-भाजी केंद्रातून आणतात, त्यांचा डबा वेगळ्या कप्प्यात. सासूबाईंनी स्वतः चपाती सोडली. मी सांगितलं नव्हतं. वर म्हणतात, "भाकरीने गुडघे बरे आहेत." ते काही खरं नाही.

बाहेर जेवताना मला उपवासाच्या पदार्थांनी तारलं. ग्लुटेन म्हटलं की वेटर गोंधळतो, "उपवासाचं काय आहे?" म्हटलं की त्याला बरोबर कळतं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची वडी. तळणीचं मात्र नाही, साबुदाणावडा कोणत्या कढईत तळला हे विचारायचं. त्याच तेलात ब्रेड पकोडे तळले असले तर संपलं.

पण खरी अडचण हॉटेलात नव्हती, माणसांत होती. जानेवारीत सोसायटीत सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा, रव्याचा. एक काकू द्रोण पुढे करून म्हणाल्या, "प्रसादाला नाही म्हणू नये, देव बघतो, एवढ्याशाने काही होत नाही." एवढ्याशानेच होतं, पण ते आठ बायकांच्या घोळक्यात उभं राहून कसं सांगणार? मी द्रोण कपाळाला लावला आणि नवऱ्याला दिला. नंतर आमच्याकडे पूजा झाली तेव्हा गुरुजींना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "अहो, पूजेच्या विधीतच आहे, गव्हाच्या अभावी तांदळाचं पीठ घ्यावं. करा बिनधास्त." इडलीच्या रव्याचा शिरा केला, केळं घालून. रवा घरीच काढला होता. त्या काकूंनी दोनदा मागून खाल्ला.

त्याच जानेवारीत भोगीला सोलापूरला गेले होते. घरघंटीचं बाजरीचं पीठ डब्यातून नेलं, आईने तीळ लावून भाकऱ्या थापल्या, वेगळ्या परातीत. एका लग्नाला मात्र नुसता दही-भात खाऊन परत आले. पंगतीत हुग्गी होती, गव्हाची, वर साजूक तुपाची धार. मला फार आवडते. होती म्हणायला हवं.

गहू बंद केल्यावर लगेच उड्या मारायला लागाल असं नाही. पोट तीनेक आठवड्यांत हलकं झालं, तोंड येणं थांबलं. दुधाचा त्रास व्हायचा तोही काही महिन्यांनी गेला, आतडं भरून आलं की तो बऱ्याचदा जातो म्हणे. लोहासाठी डिसेंबरमध्ये शिरेतून एक सलाइन घेतलं, दवाखान्याच्या भाड्यासकट ५,५०० रुपये. हाडांची घनता बघायला डेक्सा स्कॅन सांगितला होता, २,८०० रुपये, कमरेच्या मणक्यांत कमी निघाली. कॅल्शियम आणि डी-३ सुरू आहे. मे २०२४ मध्ये टीटीजी ४२, नोव्हेंबरमध्ये ११. हिमोग्लोबिन १२.३. दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते आणि मग आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मे महिन्यातला आकडा बघून डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुठून तरी थोडं जातंय का?" सापडलं: ऑफिसमधली मैत्रीण रोज माझ्यासाठी आणायची ती ज्वारीची लाही, तिखट-मिठाची. हिंगवाली.

आई-वडील, भावंडं, मुलं अशा सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांपर्यंत असते, म्हणून सगळ्यांच्या टेस्ट करायला सांगितल्या. मुलाचा टीटीजी नॉर्मल आला, पण पुढेही अधूनमधून बघावा लागेल. आईचाही नॉर्मल. धाकटा भाऊ सोलापुरात आहे, त्याचं हिमोग्लोबिन कधी ११ च्या वर गेलेलं नाही आणि तो टाळतोय. गेल्या आठवड्यात त्याने फोन करून विजयी आवाजात सांगितलं, "ताई, मी चपाती सोडून टाकलीय, टेस्टची भानगडच नको." त्याला सांगितलंय, आजपासून परत खायला लाग, रोज, आणि पुढच्या महिन्यात रक्त द्यायला मी स्वतः घेऊन जाणार आहे.